कास्तकार की शेतकरी? कंपनीचे लेखन एकसारखे ठेवण्यासाठी नवोदितांना मार्गदर्शन

शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भागभांडवलातून उभारलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीच्या वाट्याला लेखनाचे काम बहुधा कोणी न सांगताच येते. संगणक चालवता येतो आणि मराठी टंकलेखन जमते, एवढ्या भांडवलावर वार्षिक सभेची नोटीस, बँकेला द्यायचे पत्र, व्हॉट्सॲप गटावरचा निरोप, गोदामाबाहेरचा भावफलक, पावतीपुस्तकाचा मजकूर आणि कृषी कार्यालयाला पाठवायचा अहवाल हे सारे एकाच टेबलावर येऊन पडते. यातला प्रत्येक कागद वेगळ्या दिवशी, वेगळ्या घाईत आणि पुष्कळदा वेगळ्या माणसाने लिहिलेला असतो. वाचणारा कास्तकार (विदर्भात शेतकऱ्याला असे म्हणतात) मात्र तोच असतो, आणि तो हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचतो.

यवतमाळ जिल्ह्यातील एका कंपनीत मी हे काम पाहतो. माझ्या दुसऱ्याच हंगामात सोयाबीनच्या चुकाऱ्याबद्दल, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांबद्दल, आमच्याकडून तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले गेले. व्हॉट्सॲपवर “आठ दिवसांत पैसे जमा होतील” असे होते, पावतीच्या मागे “आठवडाभरात” असे छापले होते आणि गोदामाच्या फलकावर “७ कामकाजाच्या दिवसांत” असे रंगवले होते. लिहिणाऱ्यांच्या मनात तिन्हींचा अर्थ एकच होता. मध्ये दोन सुट्ट्या आल्या, आणि आठव्या दिवशी सकाळी पंधरा-वीस सभासद मोबाइलवरचा निरोप उघडून कार्यालयाच्या पायरीवर उभे राहिले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. आम्ही तीन वेगवेगळी आश्वासने दिली होती आणि त्यांनी त्यातले स्वतःच्या सोयीचे धरले होते. लेखनातील एकसारखेपणा ही सजावटीची बाब आहे, असे मला तोपर्यंत वाटत असे.

पुढे ज्या क्रमाने लिहिले आहे त्याच क्रमाने काम करावे. पहिल्या तीन पायऱ्यांना वेळ लागतो, बाकीच्या त्यामानाने लवकर उरकतात.

पहिली पायरी : जुने कागद जमवावेत

नियम ठरवायला बसण्याआधी मागील एका हंगामात कंपनीने जे जे लिहिले ते गोळा करावे. नोटिसा, पत्रांच्या स्थळप्रती, पावत्या, व्हॉट्सॲपवरचे निरोप, एसएमएस, फ्लेक्सचे आणि भावफलकाचे फोटो असे सर्व कागदावर छापून एका मोठ्या टेबलावर, नसल्यास सतरंजीवर, पसरावे. मग रंगीत पेन घेऊन एकच गोष्ट जिथे दोन नावांनी आली आहे तिथे खूण करावी. हे काम एकट्याने करू नये. हिशेब पाहणारी व्यक्ती आणि गोदामात काट्यावर उभी राहणारी व्यक्ती सोबत असावी, कारण कोणत्या शब्दावरून लोक प्रश्न विचारतात हे त्यांनाच ठाऊक असते.

आमच्या खुणांमध्ये सर्वांत जास्त वेळा कंपनीचे स्वतःचे नाव निघाले. कुठे “कंपनी”, कुठे “संस्था”, कुठे “गट”, कुठे “एफपीओ” (शेतकरी उत्पादक संघटना) तर कुठे “एफपीसी” (शेतकरी उत्पादक कंपनी) असे लिहिले होते, आणि एका फ्लेक्सवर चक्क “सोसायटी” होते. गावात सोसायटी म्हटले की पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सहकारी संस्था डोळ्यांपुढे येते. तो फ्लेक्स वाचून दोघे जण कर्जाच्या चौकशीला आले, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नव्हता.

दुसरी पायरी : कंपनीचे नाव आणि पत्ता पक्का करावा

उत्पादक कंपनीच्या नावाच्या शेवटी “प्रोड्युसर कंपनी लिमिटेड” हे शब्द कायद्यानेच येतात. नोंदणी प्रमाणपत्रावर नाव ज्या अक्षरांत आहे, त्याचे देवनागरी रूप एकदाच ठरवावे आणि “प्रोड्यूसर”, “प्रोडूसर”, “प्रोड्युसर” यांपैकी एकच सर्वत्र वापरावे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे पत्रे, बिले आणि नोटिसा यांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षरांकांचा कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि ईमेल छापलेले असणे आवश्यक आहे. हा मजकूर दर वेळी नव्याने टंकित करू नये. एका फाइलमध्ये तपासून ठेवावा आणि तेथूनच उचलावा, कारण २१ अक्षरांकांत एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तो कोणाच्याही नजरेला पडत नाही.

पूर्ण नाव प्रत्येक वाक्यात लिहिले तर निरोप वाचवत नाही. यासाठी साधा संकेत पुरतो. कागदाच्या सुरुवातीला पूर्ण नाव एकदा यावे आणि त्यानंतर “कंपनी” एवढेच लिहावे. गट, संस्था आणि सोसायटी हे शब्द दुसऱ्या संघटनांसाठी राखून ठेवावेत.

गावांच्या आणि तालुक्यांच्या नावांबाबतही हेच करावे. आमच्या भागात तालुका केळापूर आहे आणि त्याचे मुख्यालय पांढरकवडा आहे, त्यामुळे “पांढरकवडा तालुका” असे बोलताना सर्रास म्हटले जाते. पत्त्यात मात्र “पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ” असेच यायला हवे. कळंब यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि धाराशिव जिल्ह्यातही आहे, म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्याला किंवा वाहतूकदाराला लिहिताना जिल्हा कधीही गाळू नये.

तिसरी पायरी : शब्दवही तयार करावी

या कामाचा कणा शब्दवही हा आहे. शंभर पानी साधी वही पुरते. डाव्या बाजूला आपण वापरायचा शब्द लिहावा, उजव्या बाजूला वापरायचे नाहीत ते शब्द लिहावेत आणि खाली एका ओळीत कारण लिहावे. कारणाची ओळ गाळू नये. कारण लिहिलेले नसले की पुढच्या वर्षी नवीन माणूस येतो, त्याला तो नियम म्हणजे कोणाची तरी लहर वाटते आणि तो मोडतो.

विदर्भातील कंपनीपुढे पहिला प्रश्न असा उभा राहतो की लेखन पुस्तकी मराठीत करावे की वऱ्हाडीत. आमच्या कार्यालयात यावर बरीच चर्चा झाली. एका संचालकांचे म्हणणे होते की “सभासदाइले” असेच लिहावे, म्हणजे आपलेपणा वाटतो. दुसऱ्यांचे म्हणणे होते की बँकेच्या साहेबांनी तो निरोप वाचला तर काय म्हणतील. शेवटी आम्ही जो मार्ग धरला तो मला आजही योग्य वाटतो. शेतीतील वस्तूंची आणि कामांची नावे इथलीच वापरावीत, विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदे प्रमाण मराठीची ठेवावीत. म्हणून उभ्या पिकाच्या ओळींमधले तण काढण्याच्या कामाला आम्ही “डवरणी” लिहितो, “कोळपणी” लिहीत नाही. “पऱ्हाटी” (कापसाचे झाड), “धुरा” (बांध), “पांदण” (शेतात जाणारी वाट) हे शब्द जसेच्या तसे ठेवतो. पण वाक्य “डवरणी झाल्यावर खताचा दुसरा हप्ता द्यावा” असे पूर्ण करतो. बाहेरच्या जिल्ह्यात छापलेल्या माहितीपत्रकातला “कोळपणी” हा शब्द आमच्याकडे वाचला जातो, समजतोही, परंतु तो पत्रक परगावचे असल्याची जाणीव करून देतो आणि वाचणारा तिथेच सैल होतो. भंडारा-गोंदियाकडे काम करणाऱ्यांनी “भात लागवड” असे लिहिण्याचा मोह असाच टाळावा. तिकडे शेतात धान असते, त्याची रोवणी होते, आणि भात ताटात असतो.

बोललेल्या निरोपाला हा नियम लावू नये. आमचे अध्यक्ष व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप वऱ्हाडीतच देतात आणि लेखी निरोपापेक्षा तोच अधिक ऐकला जातो. फक्त त्यातील तारीख, भाव आणि ठिकाण लेखी निरोपाशी तंतोतंत जुळले पाहिजे, आणि ते जुळवण्यासाठी आधी लिहून मगच बोलावे.

“शेतकरी” आणि “कास्तकार” यांत आम्ही “कास्तकार” निवडला. लोक स्वतःला तसेच म्हणतात हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की “शेतकरी बंधूंनो” हे संबोधन हाताला इतके सवयीचे झाले आहे की ते लिहिताना महिला सभासद वगळल्या जातात हे लक्षातच येत नाही, तर “सभासद कास्तकार” म्हटल्यावर दोघांचाही समावेश होतो. शासकीय योजनेचे नाव किंवा एखाद्या अर्जाचे शीर्षक यांत “शेतकरी” असेल, तर तिथे तो तसाच ठेवावा. दुसऱ्याने ठेवलेले नाव बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काही शब्दांत निवड भाषेची नसते, ती कायद्याची आणि पैशांची असते. तिथे अधिक सावध राहावे. “सभासद” म्हणजे ज्याने कंपनीचा भाग (शेअर) विकत घेतला आहे तो. जो केवळ माल विकतो किंवा बियाणे नेतो त्याला आम्ही “ग्राहक कास्तकार” म्हणतो. दोघांनाही सरसकट सभासद म्हटले की सभेच्या दिवशी मतदानाचा प्रश्न निघतो. “हमीभाव” हा शब्द केंद्र सरकारने जाहीर केलेल्या किमान आधारभूत किमतीसाठीच वापरावा. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव प्रति क्विंटल ५,३२८ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये जाहीर झाला होता. कंपनी जेव्हा स्वतःच्या ताकदीवर बाजारभावाने खरेदी करते, तेव्हा त्या दराला “कंपनीचा भाव” म्हणावे. त्यात “हमी” हा शब्द आला की वाचणारा ती हमी कंपनीकडूनच वसूल करायला येणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

“बोनस” हा तर सर्वांत घसरडा शब्द आहे. उत्पादक कंपनीत भागावर मिळणारा मर्यादित परतावा वेगळा असतो, मालाची रोखून ठेवलेली आणि नंतर द्यायची किंमत वेगळी असते, आणि सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात मिळणारा बोनस वेगळा असतो. गावात तिन्हींना बोनसच म्हणतात. पूर्व विदर्भात त्यात आणखी भर पडते, कारण तिकडे बोनस म्हणजे राज्य सरकारकडून धान उत्पादकांना मिळणारी रक्कम असा अर्थ रुजलेला आहे. शब्दवहीत या तिन्ही रकमांना तीन नावे द्यावीत, आणि निरोपात नुसता “बोनस” हा शब्द एकटा कधीही येऊ देऊ नये.

सभेच्या कामकाजातील शब्द लवकर ठरतात. “अजेंडा” ऐवजी “विषयपत्रिका”, “प्रोसिडिंग” ऐवजी “इतिवृत्त” लिहावे. “कोरम” ऐवजी “गणपूर्ती” लिहायला लावावे. “हिशेब” की “हिशोब” यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. दोन्ही चालतात, एक निवडावा; आम्ही “हिशेब” निवडला.

चौथी पायरी : आकडे, तारखा आणि मापे

शब्दांपेक्षा आकड्यांवरून भांडणे अधिक होतात, म्हणून इथे सवलत ठेवू नये.

व्हॉट्सॲपवरचा निरोप काळात प्रवास करतो ही गोष्ट नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. “उद्या सकाळी खरेदी सुरू होईल” हा निरोप सोमवारी लिहिला, बुधवारी कोणी मामेभावाला पुढे पाठवला आणि त्याने गुरुवारी वाचला, तर तो शुक्रवारी बंडी (बैलगाडी) भरून येतो. “परवा” तर मागचाही असतो आणि पुढचाही. म्हणून “आज”, “उद्या”, “परवा”, “येत्या शुक्रवारी” हे शब्द लेखी निरोपातून पूर्णपणे वर्ज्य करावेत आणि वार, दिनांक, महिना, वर्ष असे चारही घटक लिहावेत : “सोमवार, दि. ३ नोव्हेंबर २०२५”. वार आणि दिनांक दोन्ही लिहिल्याने आणखी एक लाभ होतो. एखादा चुकला तर दोघांचा मेळ बसत नाही आणि कोणीतरी फोन करून विचारते. ३/११ असे आकड्यांत लिहू नये.

आमच्याकडे मुदती सणांवरून सांगण्याची रीत आहे. “पोळ्यानंतर या”, “दिवाळीच्या आत होईल” असे बोलणे सोपे जाते. लेखनात सणाचा उल्लेख ठेवण्यास हरकत नाही, कारण त्यामुळे तारीख लक्षात राहते. परंतु तारीख आधी आणि सण नंतर असा क्रम असावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तेव्हा “पोळ्यानंतर” म्हणजे नेमके कधी, याची दोन उत्तरे निघतात.

मुदत सांगताना “आठ दिवस” आणि “आठवडा” हे शब्द टाळावेत. मराठीत आठवडा सात दिवसांचा असूनही आपण त्याला आठ दिवस म्हणतो, आणि पंधरवड्याचेही तसेच होते. तीन आश्वासनांचा तो प्रसंग झाल्यापासून आम्ही “माल मोजल्याच्या दिनांकापासून बँकेच्या कामकाजाच्या ७ दिवसांत” हे एकच वाक्य ठरवले. ते लांब आहे, पण पावती, फलक आणि निरोप या तिन्ही ठिकाणी अक्षरशः तेच असते.

वजनासाठी क्विंटल आणि किलो एवढेच शब्द ठेवावेत. “कट्टा” आणि “पोते” यांचे वजन मालागणिक आणि घरागणिक बदलते, त्यामुळे ते मोजणीचे शब्द म्हणून चालत नाहीत. वस्तू म्हणून चालतात. कापसाच्या पत्रव्यवहारात “खंडी” आणि “गाठ” येतात. रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी ३५६ किलोंची आणि गाठ १७० किलोंची धरली जाते, पण जुन्या पिढीतील कास्तकाराच्या डोक्यातील खंडी निराळी असू शकते, म्हणून जिनिंगला (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) लिहिताना हे शब्द वापरावेत आणि सभासदांना लिहिताना क्विंटलच लिहावा. जमिनीबाबत सातबारा हेक्टर आणि आर सांगतो, माणसे एकर सांगतात. अर्जात सातबाऱ्याप्रमाणे लिहावे, निरोपात एकर लिहून कंसात हेक्टर-आर द्यावे; एक एकर म्हणजे सुमारे ४० आर हे शब्दवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

रकमेसाठी “रुपये” हा शब्द किंवा “₹” हे चिन्ह यांपैकी एक घ्यावे, दोन्ही एकत्र नकोत, आणि शेवटी “/-” ही शेपूट फक्त धनादेशावर ठेवावी. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे १,२५,००० असा द्यावा. मराठी मजकुरात देवनागरी अंक आणि बँक खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक व कंपनी ओळख क्रमांक यांत इंग्रजी अंक असा संकेत आम्ही पाळतो, कारण ते क्रमांक लोक पासबुकावरून जुळवून पाहतात.

ओलाव्यासारख्या अटी लिहिताना हंगाम लिहिण्यास विसरू नये. हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. त्या वर्षीचा निरोप पुढच्या वर्षी कोणी पुन्हा फिरवला आणि त्यात हंगाम लिहिलेला नसला, तर ओला माल घेऊन आलेल्या माणसाला काट्यावरून परत पाठवण्याची वेळ येते.

पाचवी पायरी : संबोधन आणि सूर

एकसारखे लिहिणे म्हणजे सगळीकडे एकाच सुरात लिहिणे, असा गैरसमज करून घेऊ नये. बँक व्यवस्थापकाला जे “विनंतीपूर्वक” लिहितो ते सभासदाला तसे लिहिण्याची गरज नाही. सूर वाचणाऱ्याप्रमाणे बदलावा. नावे, आकडे, तारखा आणि शब्द मात्र बदलू नयेत.

सभासदांना लिहिताना “तुम्ही” घ्यावे की “आपण”, हे ठरवावे. “आपण” आदराचा खरा, परंतु तो “आम्ही आणि तुम्ही मिळून” या अर्थीही येतो. “आपण शनिवारी गोदाम स्वच्छ करणार आहोत” आणि “आपण शनिवारी माल आणावा” ही वाक्ये एकाच नोटिशीत आली, की गोदाम नक्की कोण झाडणार हा प्रश्न उरतो. आम्ही पत्रात “आपण” आणि निरोपात “तुम्ही” वापरतो, आणि एका कागदात दोन्ही येऊ देत नाही.

“करण्यात येत आहे”, “कळविण्यात येते”, “घेण्यात येईल” या शासकीय वळणाबद्दल माझे मत कठोर आहे. त्यात काम कोण करणार हे दिसत नाही. कायदेशीर नोटिशीत हे वळण एखाद्या ठिकाणी खपून जाते; इतरत्र “कंपनी देईल”, “गोदामपाल पावती देतील” असे कर्त्यासह लिहावे. असे लिहू लागल्यावर असेही आढळते की काही कामे कोणाकडेच सोपवलेली नव्हती.

सहावी पायरी : शुद्धलेखन आणि टंकलेखन

शुद्धलेखनाचे सगळे नियम पाठ करण्याची आवश्यकता नाही. कंपनीच्या लेखनात तीस-चाळीस शब्दच पुन्हा पुन्हा येतात, तेवढे भिंतीवर लावावेत. शेवटचा इकार-उकार दीर्घ आणि रूप बदलले की आधीचा ऱ्हस्व, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ निभावते : तूर पण तुरीचा, खरीप पण खरिपाचा, मंजूर पण मंजुरी, सुरू पण सुरुवात. “किंमत” मधला अनुस्वार “किमतीत” मध्ये जातो. “रुपये” मधला रु ऱ्हस्व आहे आणि “सूचना” मधला सू दीर्घ आहे. या दोन शब्दांतील चुका दुरुस्त केल्या तरी निम्मे काम होते, असे मी अनुभवाने सांगतो.

एक अक्षर मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. “शेतकऱ्यांना”, “दुसऱ्या”, “हरभऱ्याचा”, “पऱ्हाटी” आणि पूर्वेकडील धानाचे “पऱ्हे” (रोपे) या सर्वांत अर्धा र आडवा, पापणीसारखा येतो. घाईत साधा र आणि य जोडला की त्याचा रफार होऊन “शेतकर्यांना” असे उमटते आणि मराठी वाचणाऱ्याला ते तत्काळ खटकते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ मिळतो. त्याला हलन्त आणि पुढचे अक्षर जोडले की योग्य रूप येते. हाच आकार अदृश्य जोडचिन्ह घालूनही आणता येतो. तसा आणलेला शब्द पडद्यावर हुबेहूब दिसतो, पण शोध घेतल्यावर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात. सभासद यादीत हा घोळ झाला तर एकच आडनाव दोनदा नोंदले जाते. म्हणून सर्वांनी एकाच पद्धतीने टंकित करावे आणि फाइल युनिकोडमध्येच ठेवावी. छपाईवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये आलेला मजकूर तसाच चिकटवू नये.

सातवी पायरी : तयार नमुने

वारंवार लागणाऱ्या कागदांचे नमुने करून ठेवावेत. सर्वसाधारण सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी लेखी द्यावी लागते, तेव्हा ती ऐन वेळी नव्याने लिहिण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. एसएमएसचे नमुने तर दूरसंचार कंपनीच्या प्रणालीत आधी नोंदवावेच लागतात आणि त्यात फक्त भाव, दिनांक अशा बदलत्या जागा मोकळ्या ठेवता येतात. मराठी एसएमएसमध्ये एका संदेशाला ७० चिन्हांची मर्यादा असते आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते. “शेतकऱ्यांना” या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, यंत्र अकरा मोजते. “सभासदांना” नऊवर भागते. कंपनीच्या खर्चाचा प्रश्न असल्याने ही मोजणी एकदा तरी स्वतः करून पाहावी.

नमुना कसा घडतो ते एका निरोपावरून दाखवतो. आमचा जुना निरोप असा होता :

“सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की उद्या पासुन सोयाबिन खरेदी सुरु होत आहे तरी जास्तीत जास्त शेतकर्यांनी लाभ घ्यावा.”

यात शुद्धलेखनाच्या चुका आहेतच, पण खरी उणीव अशी की कोठे, किती वाजता, कोणत्या अटीवर आणि काय घेऊन यायचे, यांतले काहीही नाही. “लाभ घ्यावा” या शब्दांनी तर विक्रीचे रूपांतर शिबिरात केले आहे. आता तोच निरोप आम्ही असा लिहितो :

“सभासद कास्तकारांसाठी : कंपनीची सोयाबीन खरेदी सोमवार, दि. ३ नोव्हेंबर २०२५ पासून पांढरकवडा येथील गोदामात सुरू होईल. वेळ सकाळी १० ते सायंकाळी ५. खरीप २०२५-२६ साठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. कंपनीचा त्या दिवसाचा भाव सकाळी ९ वाजता या गटावर आणि गोदामाच्या फलकावर लिहिला जाईल. पैसे माल मोजल्याच्या दिनांकापासून बँकेच्या कामकाजाच्या ७ दिवसांत खात्यात जमा होतील. येताना सातबारा, आधार कार्ड आणि पासबुकाची प्रत आणा.”

हा निरोप पाठवल्यावर फोन येणे बंद झाले नाही, कारण आमच्याकडे खात्रीसाठी फोन करण्याची पद्धतच आहे. पण पूर्वी “खरेदी कुठी हाय?” असे विचारणारे लोक आता “भाव आला का?” एवढेच विचारतात.

आठवी पायरी : दुसरी नजर आणि दुरुस्ती

कोणताही मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः पाठवू नये. दुसऱ्या व्यक्तीने तो शब्दवही शेजारी ठेवून मोठ्याने वाचावा. बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची नोटीस एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. जे वाक्य आपल्याला एका दमात वाचता येत नाही ते त्यालाही येणार नाही.

चूक गेलीच, तर व्हॉट्सॲपवरचा निरोप गुपचूप पुसू नये, कारण तोवर तो इतर गटांत गेलेला असतो. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा आणि “निरोप क्र. १४ मधील वेळ चुकीची होती, योग्य वेळ सकाळी १०” अशी दुरुस्ती नवीन क्रमांकाने पाठवावी. फलक आणि फ्लेक्सवर दुरुस्ती झाली की नाही हे जाऊन पाहावे. गोदामाच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला आमचा जुना “आठवडाभरात” पुढे वर्षभर तसाच होता, आणि तो तिथे आहे हे आम्हाला एका सभासदानेच दाखवून दिले.

शब्दवहीची मूळ प्रत कार्यालयात, एक प्रत गोदामात आणि एक छपाईवाल्याकडे असावी. उन्हाळ्यात, हंगामाचे हिशेब संपून पेरणीची लगबग सुरू होण्याआधी, ती सर्वांनी मिळून एकदा पूर्ण वाचावी, कोणी न वापरलेले शब्द काढावेत आणि नवे शब्द तारखेसह लिहावेत. आमच्या वहीतून गेल्या उन्हाळ्यात “फॅक्स” निघाला आणि “ड्रोन फवारणी” आली. “ड्रोनद्वारे फवारणी” असे लिहावे की नाही यावर अर्धा तास गेला, आणि कारणाच्या ओळीत शेवटी एवढेच लिहिले की कास्तकार “ड्रोन फवारणी” म्हणतात.